पीठ मळणारी ती लेडी



'लेडीज' हा शब्द आपण एसटीत, दवाखान्यात, शिलाईच्या दुकानावर रोज पाहतो. लेडी म्हटलं की डोळ्यांपुढे येते मोठ्या घरची, कामाला हात न लावणारी बाई. पण हा शब्द जन्मला तो पिठाजवळ.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पावाला 'ह्लाफ' म्हणत. घरच्या मालकिणीला म्हणत 'ह्लॅफदिये'. अभ्यासक याचा अर्थ लावतात, पावाचं पीठ मळणारी. मालक म्हणजे पाव राखणारा. त्यांच्या घरी जेवून राहणारा गडी म्हणजे पाव खाणारा. हा शब्द इ. स. 600 च्या सुमारास केंटच्या राजा एथेलबर्टने केलेल्या कायद्यांत आहे. बोलता बोलता शब्द झिजले. मळणारीची झाली 'लेडी' आणि राखणाऱ्याचा झाला 'लॉर्ड'.

हे नाव मोठ्या मानाचं होतं. 911 ते 918 या काळात इंग्लंडमधल्या मर्शियावर एथेलफ्लेड नावाच्या बाईने राज्य केलं. तिची पदवी होती 'मर्शियाच्या लोकांची लेडी'. पुढे मान राहिला, पीठ मात्र लोक विसरले.

आता आपल्या ओळखीचा दुसरा शब्द घ्या, डेअरी. जुन्या इंग्रजीत पीठ मळणाऱ्या मोलकरणीला 'डॅये' म्हणत. पुढे दूधदुभतं पाहणारी बाई असा त्याचा अर्थ झाला. ती काम करायची ती जागा म्हणजे डेअरी. म्हणजे डेअरीचं नावच मुळी बाईवरून पडलं!

हे आज सांगण्याचं कारण आहे. परवा गटाचे अर्ज भरताना एका ताईंना विचारलं, "व्यवसाय काय लिहू?" त्या म्हणाल्या, "काही नाही, मी घरीच असते." या ताई पहाटे चारला उठतात. शेण काढतात, वैरण घालतात, दोन म्हशींची धार काढतात. दूध डेअरीला जातं, पण डेअरीचं पुस्तक मालकांच्या नावावर आणि पैसे त्यांच्याच खात्यात. मी अर्जात लिहिलं, 'दुग्धव्यवसाय'. ताई हसल्या, मग जरा गप्प झाल्या.

मैत्रिणींनो, नाव टिकतं आणि काम करणारी विसरली जाते, हे शब्दांत घडलं तसं आपल्या घरातही घडतं. म्हणून पुढच्या बैठकीला येताना एवढं बघून या : आपल्या घरचं डेअरीचं पुस्तक कुणाच्या नावावर आहे?