वाहता लाव्हा : निरीक्षण आणि परिभाषा

१

नागपूरच्या मध्यभागी असलेली सीताबर्डीची टेकडी १८१७ च्या लढाईमुळे इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहे. भूविज्ञानाच्या अभ्यासकास ती थिजलेल्या लाव्ह्याची टेकडी म्हणून परिचित आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर जे लाव्हाप्रवाह एकावर एक पसरले, त्यांनी आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेले आहे. नागपूर ह्या क्षेत्राच्या पूर्व सीमेवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेस काळा बेसाल्ट, तर पूर्वेस त्याहून फार प्राचीन असा पट्टिताश्म आढळतो. सह्याद्रीत ह्या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. नागपुराकडे ती पुष्कळच उणावते.

ह्या थरांचा महत्त्वाचा अभ्यास स्टीफन हिस्लॉप ह्या स्कॉटिश मिशनऱ्याने केला. १८४५ मध्ये नागपुरास आलेल्या हिस्लॉपने आपले सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांच्यासह टाकळी व आसपासच्या प्रदेशात, दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये सापडलेल्या गाळाच्या थरांतून गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, फळे आणि कीटकांचे अवशेष गोळा केले. त्यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एक प्रवाह थिजला, त्यावर तळी साचली, तळ्यांत जीव वाढले आणि मग दुसरा प्रवाह त्यांवर पसरला, असा क्रम ह्या थरांवरून सिद्ध होतो. १८६३ मध्ये हिस्लॉपचा नदीत बुडून मृत्यू झाला. त्याने जमविलेली गोंडी व अन्य आदिवासी भाषांची सामग्री १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल ह्यांनी संपादून प्रसिद्ध केली. शंख आणि शब्द ह्या दोहोंचा संग्राहक एकच होता, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु हे प्रवाह प्रत्यक्ष वाहत असता कोणी पाहिलेले नाहीत. थिजलेल्या खडकावरून वाहण्याची क्रिया समजून घ्यावयाची, तर जेथे लाव्हा आज वाहतो तेथील निरीक्षणांकडे वळणे भाग पडते. वाहत्या लाव्ह्यात काय पाहावयाचे, ते कसे मोजावयाचे आणि कोणत्या शब्दांत नोंदवावयाचे, असे तीन प्रश्न ह्या ठिकाणी उद्‌भवतात. तिसरा प्रश्न वरवर पाहता गौण वाटतो. परंतु पहिल्या दोहोंचे फळ त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

२

आइसलंडमध्ये ८ जून १७८३ रोजी लाकी येथे जमिनीस भेगा पडून लाव्हा वाहू लागला. हा उद्रेक आठ महिने चालला आणि सुमारे ६०० चौरस किलोमीटर भूमी लाव्ह्याखाली गेली. त्या परिसरातील धर्मोपदेशक योन स्टाइनग्रीमसन ह्यांच्यापाशी कोणतेही उपकरण नव्हते. त्यांनी जे पाहिले ते दिवसवार आणि स्थळवार लिहून ठेवले. प्रवाह कोणत्या दिवशी कोणत्या वस्तीपर्यंत आला, त्याने कोणती नदी अडविली, ह्याची ही नोंद आहे. सुमारे दोनशे वर्षांनंतर भूवैज्ञानिकांना त्या उद्रेकातील लाव्ह्याची दिवसागणिक वाटचाल ठरविता आली, त्यात ह्या नोंदीचा वाटा मोठा आहे. साध्या परंतु नेमक्या शब्दांचे मोल किती असू शकते, ह्याचा हा उत्तम दाखला होय.

भारतात आज जागृत असलेला एकमेव ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. श्री विजय पुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथून हे निर्मनुष्य बेट ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवर असून त्याचा व्यास सुमारे तीन किलोमीटर आहे. १७८७ पासून त्याच्या उद्रेकांच्या नोंदी मिळतात. १८३२ नंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ तो शांत होता. १९९१ मध्ये तो पुन्हा जागृत झाला व त्याचा लाव्हा समुद्रापर्यंत पोहोचला. १९९४-९५ मध्येही तसेच घडले. २००५ पासून तो अधूनमधून सक्रिय असल्याचे आढळले आहे.

२३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पथक ‘सिंधु संकल्प’ ह्या जहाजावरून ह्या बेटानजीक समुद्रतळाचे नमुने घेत होते. अभय मुधोळकर हे पथकाचे प्रमुख होते. अकस्मात ज्वालामुखीतून राख उसळू लागली. जहाज सुमारे एक मैल दूर नेण्यात आले व तेथून निरीक्षण सुरू झाले. पाच ते दहा मिनिटांचे लहान लहान उद्रेक होत होते. दिवसा केवळ राखेचे ढग दिसले. सूर्यास्तानंतर मात्र विवरातून उसळणारी लाव्ह्याची तांबडी कारंजी आणि उतारावरून वाहणारे तप्त ओघ स्पष्ट दिसू लागले.

ह्या वृत्तांतातील शेवटचा तपशील निरीक्षणशास्त्राच्या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. निरीक्षण दिवसाउजेडीच आटोपले असते, तर नोंदीत केवळ राख आली असती. ‘लाव्हा दिसला नाही’ आणि ‘लाव्हा नव्हता’ ही दोन विधाने भिन्न आहेत. पहिले निरीक्षण आहे, दुसरे अनुमान आहे. नोंद करताना घटिका, अंतर, दिशा आणि उजेड ह्यांचा उल्लेख नसेल, तर पुढील वाचकास ह्या दोहोंतील भेद करता येत नाही.

३

वाहत्या लाव्ह्याच्या बाबतीत मुख्यतः तीन गोष्टी मोजाव्या लागतात : प्रवाहाच्या अग्राचे स्थान, मुखातून दर सेकंदास बाहेर पडणाऱ्या लाव्ह्याचे घनफळ आणि त्याचे तापमान. बेसाल्टी लाव्हा बाहेर पडताना सामान्यतः ११०० ते १२०० अंश सेल्सियस इतका तप्त असतो. तापमान उतरले की त्याची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, वाढते. ही कल्पना मराठी स्वयंपाकघरास अपरिचित नाही. एकतारी पाक व दोनतारी पाक हे श्यानतेचेच घरगुती मोजमाप होय.

हॅरल्ड जेफ्रीझ ह्यांनी १९२५ मध्ये उतारावरील प्रवाहासंबंधी मांडलेले सूत्र लाव्ह्यासही लावले जाते. त्यानुसार उतार, घनता व श्यानता कायम असता प्रवाहाची गती त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जाडी दुप्पट झाली की गती चौपट होते. मुखातून येणारा पुरवठा वाढला आणि मार्ग अरुंद असला, तर काल मंद असलेला प्रवाह आज वेगाने का धावू लागतो, ह्याचा उलगडा ह्यावरून होतो. म्हणूनच अग्राची केवळ आजची गती नोंदवून भागत नाही. मुखाकडील पुरवठ्यावरही लक्ष ठेवावे लागते.

पूर्वी हे काम प्रवाहाजवळ जाऊन करावे लागे. हवाई बेटावर टॉमस जॅगर ह्यांनी १९१२ मध्ये किलाउएआ ज्वालामुखीच्या काठावर वेधशाळा स्थापिली, तेव्हापासून तेथे अखंड निरीक्षणाची परंपरा निर्माण झाली. आज भूकंपमापक, जमिनीचा कल मोजणारी साधने, वायूंचे मापन, औष्णिक कॅमेरे, ड्रोन आणि उपग्रह ह्यांचे साहाय्य मिळते. उपग्रहावरील अवरक्त संवेदक बॅरन बेटासारख्या दुर्गम स्थळीही जमिनीवरील उष्णतेचा अंश टिपतात. मात्र दाट ढग आल्यास त्यांची दृष्टी अडते.

उपकरणांस दिसणारी उष्णता ही पृष्ठभागाची असते, ही मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. तापविलेल्या दुधावर साय धरावी तसे लाव्ह्यावर कवच धरते. केन हॉन व त्यांचे सहकारी ह्यांनी किलाउएआच्या प्रवाहांवर केलेली मापने १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनुसार कवचाची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते : दहा सेंटिमीटर कवचास दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, तर एक मीटर कवचास सुमारे सात दिवस. ह्या कवचाखाली लाव्हा नळीतून वाहावा तसा, फारशी उष्णता न गमावता, काही किलोमीटर जाऊ शकतो. वरून काळा, निश्चल दिसणारा प्रवाह आतून जिवंत असतो आणि एखाद्या ठिकाणी कवच फोडून पुन्हा बाहेर पडतो.

२०१८ मध्ये किलाउएआच्या पूर्व उतारावर मे महिन्यापासून वस्तीतच एकापाठोपाठ एक अशा २४ भेगा उघडल्या. ऑगस्टपर्यंत चाललेल्या त्या उद्रेकात ७०० हून अधिक बांधकामे नष्ट झाली. अशा वेळी ‘प्रवाह थांबला आहे’ आणि ‘प्रवाहाचे अग्र थांबले आहे’ ह्यांतील भेद घर सोडावयाचे की नाही, ह्या निर्णयाशी निगडित असतो.

४

लाव्हा हा शब्द इटालियन भाषेतून जगभर पसरला. नेपल्सच्या परिसरात मुसळधार पावसाने रस्त्यांतून वाहणाऱ्या लोंढ्यास तो लावीत. पुढे व्हेसुव्हियसच्या तप्त ओघास लावू लागले. म्हणजे ‘लाव्हाप्रवाह’ ह्या समासात व्युत्पत्तीच्या दृष्टीने द्विरुक्ती आहे. परंतु शब्द ओघावरून पदार्थावर सरकल्यामुळे आज ती जाणवत नाही.

लाव्ह्याच्या दोन मुख्य प्रकारांची शास्त्रीय नावे हवाईच्या भाषेतून आली : ‘पाहोएहोए’ म्हणजे गुळगुळीत अथवा दोरखंडासारख्या वळ्या पडलेला, आणि ‘आआ’ म्हणजे ओबडधोबड, टोकदार खडपांनी भरलेला. क्लॅरन्स डटन ह्यांच्या १८८४ मधील ग्रंथाने त्यांस शास्त्रात स्थान मिळवून दिले. आइसलंडच्या भाषेतही ‘हेल्लुहृइन’ आणि ‘आपल्हृइन’ अशी नेमकी हीच जोडी आहे. परस्परांशी कोणताही संबंध नसलेल्या दोन भाषांनी एकच द्विविध विभाग केला, ह्याचे कारण हा भेद वस्तूतच आहे. वाहता वाहता निवणारा व घुसळला जाणारा लाव्हा पाहोएहोए रूप सोडून आआ रूप घेतो. उलट दिशेने हे रूपांतर सहसा घडत नाही. पाक घोटला असता तो रवाळ होतो, त्याच जातीची ही क्रिया आहे. घुसळण्याने स्फटिक धरण्यास मदत होते.

मराठीत वाहत्या लाव्ह्याचे शब्द नाहीत, असे सहज म्हटले जाते. परंतु थिजलेल्या लाव्ह्याचे शब्द विपुल आहेत. विहिरी खणणारे लोक काळा पाषाण आणि मांजऱ्या ह्यांत काटेकोर भेद करतात. काळा पाषाण घट्ट व अभेद्य असतो; मांजऱ्या सच्छिद्र, फोडण्यास सोपा व पाणी धरणारा. भूविज्ञानाच्या भाषेत पहिला हा प्रवाहाचा सावकाश थिजलेला गाभा, तर दुसरा हा वायूचे बुडबुडे अडकून राहिलेला, मुख्यतः वरचा भाग होय. दोन प्रवाहांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा थर लागतो, तोही ह्या लोकांस ठाऊक असतो. अर्थात लाव्हा वाहताना कधीही न पाहता, केवळ पाण्याच्या शोधात, मराठी भाषकांनी लाव्हाप्रवाहाच्या अंगांची नावे बनविली आहेत.

गतीचे शब्दही मराठीत आहेत; त्यांचा वापर मात्र शिथिल आहे. पाणी गोठते, तूप थिजते. पाण्याचे गोठणे एका ठराविक तापमानास होते. तूप हळूहळू घट्ट होत थिजते, आणि लाव्ह्याचेही तसेच आहे. म्हणून लाव्ह्याच्या बाबतीत ‘थिजणे’ हेच क्रियापद योग्य ठरते. पाहोएहोएचे अग्र बोटाएवढ्या वा हाताएवढ्या जिभांनी ‘ओघळते’ आणि मग ‘फुगते’. आआच्या अग्रावरून खडपे ‘घरंगळतात’ व त्यांच्यामागे सारा ढीग ‘सरकतो’. ही चार क्रियापदे विवेकाने वापरली, तर प्रवाहाचा प्रकार वेगळा सांगावा लागणार नाही.

उलटपक्षी काही रूढ शब्द निरीक्षणात बाधा आणतात. ‘ज्वालामुखी’ हा शब्द पर्वत, विवर आणि घटना ह्या तिन्ही अर्थी वापरला जातो. हिमाचल प्रदेशातील ज्वालामुखी ह्या देवस्थानी जळतो तो भूगर्भातील वायू. तेथे लाव्ह्याचा संबंध नाही. वृत्तपत्रांतील ‘ज्वालामुखीचा स्फोट’ हा प्रयोग सर्वच उद्रेकांस लावला जातो. प्रत्यक्षात लाव्हा पुष्कळदा कोणताही स्फोट न होता बाहेर पडतो. ‘उद्रेक’ हा व्यापक शब्द असता ‘स्फोट’ हा केवळ स्फोटासच राखून ठेवणे इष्ट होय.

५

शब्दाने निरीक्षणावर कशी सावली पडते, ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण दख्खनच्या प्रवाहांचेच आहे. ह्या खडकांस ‘ट्रॅप’ हे नाव पायऱ्या ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून मिळाले. ते दिसणाऱ्या आकाराचे वर्णन आहे व आजही निर्दोष आहे. अशा विस्तीर्ण लाव्हाक्षेत्रांस पुढे ‘पूर-बेसाल्ट’ ह्या अर्थाचे नाव मिळाले. त्यात मात्र अनुमान दडलेले आहे. पूर म्हटले की वेग आला, आणि एकेक प्रवाह थोड्याच दिवसांत दूरवर धावत गेला असावा, असे चित्र दीर्घकाळ मान्य होते.

किलाउएआवरील निरीक्षणांनी ह्या चित्रास धक्का दिला. तेथे काही वीत जाडीचे पातळ प्रवाह कवच धरून आतील पुरवठ्याने फुगत गेले व कित्येक मीटर जाड झाले. अशा फुगलेल्या प्रवाहांच्या खुणा पुढे दख्खनमध्येही ओळखल्या गेल्या. पुण्याचे निनाद बोंद्रे, रेमंड दुराईस्वामी व गौरी डोळे ह्यांचा ह्या विषयावरील निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून दख्खनच्या पुष्कळ प्रवाहांची घडण हवाईतील पाहोएहोए प्रवाहांशी जुळते असे दिसते. जाड खडक म्हणजे जाड आणि वेगवान लोंढा, हे समीकरण म्हणूनच सरसकट लावता येत नाही. पुष्कळ प्रवाह सावकाश फुगत व पसरत गेले असावेत.

वाहत्या लाव्ह्याची मराठीत नोंद करावयाची झाल्यास तिच्यात पाहणाऱ्याचे स्थान, घटिका, अंतर व उजेड; अग्राचे स्थान व गती; पृष्ठभागाचे रूप आणि गतीचे योग्य क्रियापद ह्यांचा समावेश असावा, आणि अनुमान निराळ्या परिच्छेदात लिहावे. ह्यासाठी नव्या शब्दांची टांकसाळ उघडण्याची गरज नाही. विहिरी खणणाऱ्यांच्या शब्दांचा संग्रह विदर्भात व अन्यत्र गावोगाव जाऊन करणे हे काम मात्र तातडीचे आहे. यंत्राने घेतलेल्या कूपनलिकेतून खडक भुकटी होऊन वर येतो. त्यातून प्रवाहाचा थर डोळ्यांस दिसत नाही, आणि जो थर दिसत नाही त्याचे नाव पुढच्या पिढीपर्यंत पोहोचणे कठीण असते.