टोळी आणि कायदा

जळगांव जिल्ह्यांतील धरणगांव आमच्या वाचकांस परिचित आहेच. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत आला, तेव्हां सातपुड्यांतील भिल्लांच्या टोळ्यांवर सरकारनें प्रथम फौजा धाडल्या. परंतु बंड शमेना. पुढें १८२५ सालीं जेम्स औट्रम या अधिकाऱ्यानें भिल्लांसमवेत वाघाची शिकार करून त्यांचा विश्वास संपादिला आणि त्यांचेंच पथक धरणगांवीं उभारलें. ज्यांस लुटारू म्हणत, तेच मुलुखाचे रक्षक झाले.

हा धडा सरकार लवकरच विसरलें. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला व १९११ सालीं त्याची व्याप्ति वाढली. कैकाडी, कंजारभाट इत्यादि जमातींच्या माथीं जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. नांवाची नोंद, नित्य हजेरी आणि परवान्यावांचून गांव सोडण्यास बंदी, असा तो जाच होता. स्वतंत्र भारतानें ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कलंक पुसून टाकिला.

मग टोळीचा सभासद असणें हा गुन्हा नव्हे काय? आहे, परंतु आतां तो जन्मावरून नव्हे, कृतीवरून ठरतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यान्वयें, म्हणजे 'मकोका'न्वयें, अशा सभासदास किमान ५ वर्षें, कमाल जन्मठेप आणि किमान ५ लक्ष रुपये दंड होतो. मात्र मागील १० वर्षांत त्या टोळीच्या गुन्ह्यांबद्दल एकाहून अधिक आरोपपत्रें न्यायालयानें दाखल करून घेतलेलीं असावीं लागतात. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १११ व्या कलमांतही सभासदास अशीच शिक्षा सांगितली आहे. ११२ वें कलम विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावें: टोळीनें चोरी करणें किंवा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका विकणें, यांस १ ते ७ वर्षांची कैद आहे.

पालकांस एक गोष्ट सांगणें अवश्य वाटतें. अठरा वर्षांखालील मुलास गुन्ह्याच्या कामीं लावणाऱ्यास ९५ व्या कलमान्वयें ३ ते १० वर्षांची कैद होते. मूल अशा जाळ्यांत सांपडल्यास लोकलज्जेस्तव गप्प बसूं नये. जाळें टाकणाऱ्यास पुढें आणावें.

जळगांव असो वा धुळें, कोणत्याही मुलास त्याच्या जातीवरून वा वस्तीवरून चोर म्हणण्यापूर्वीं आपण १८७१ चा अन्याय आठवावा. आणि वाट चुकलेल्यास जवळ करितांना धरणगांवचें तें पथक.