मोटारीची इवलीशी झडप

आमच्या एकत्र कुटुंबांत एक जुनी, कार्ब्युरेटरची मोटार आहे. गेल्या पावसाळ्यांत ती सांध्यासांध्यांतून तेल गाळूं लागली आणि जळक्या तेलाचा वास अंगणांतून माजघरापर्यंत येऊं लागला. मिस्त्रीनें इंजिन उघडण्याचा सल्ला दिला. वडीलधाऱ्यांनीं खर्चास मान्यताहि दिली होती. तथापि त्यापूर्वीं एक लहानशी झडप तपासून पाहावी, असें आम्हीं ठरविलें. तो अनुभव वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटतें.

पिस्टन कितीहि घट्ट बसला तरी वायूचा थोडा अंश रिंगांच्या फटींतून खालीं क्रँककेसमध्यें उतरतोच. पूर्वीं तो एका नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडीत. कॅलिफोर्नियांत धुरकट हवेनें लोक हैराण झाले, तेव्हां १९६१ सालच्या मोटारींपासून तेथें हा वायु 'पी. सी. व्ही.' नामक झडपेवाटे इंजिनांत परत ओढून जाळण्याची सोय झाली. ही झडप बंद स्थितींत अडकली, तर आंतील दाब वाढून तेल बाहेर येतें. उघडी अडकली, तर जादा हवा शिरून इंजिन अडखळतें. पी. यू. सी.च्या तपासणींत सायलेन्सरच्या तोंडाशींच धूर मोजतात. क्रँककेसमधून निसटणारा वायु तेथें दिसत नाहीं. म्हणून ही परीक्षा घरींच करावी.

मोटार मोकळ्या हवेंत उभी करावी. बंद जागेंत कदापि नाहीं, कारण कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायु वासानें कळत नाहीं. पदर, ओढणी व मोकळे केस पंख्यापासून दूर ठेवावेत. ज्या मोटारींत झडप इंजिनाच्या वरच्या झांकणांत बसविलेली असते, तेथें इंजिन मंद गतीनें चालूं ठेवून ती नळीसकट उपसावी. 'सूं' असा आवाज येऊन तिच्या तोंडावर ठेवलेलें बोट ओढलें गेलें पाहिजे. ओढ नसेल, तर झडप वा नळी चोंदली असें समजावें. नंतर इंजिन थांबवून, निवल्यावर, झडप सोडवून कानाशीं हालवावी. खुळखुळ ऐकूं आली पाहिजे. मात्र खुळखुळ वाजली म्हणजे झडप निर्दोषच, असें नव्हे. आंतील स्प्रिंग थकलेली असूं शकते.

आमची झडप मुकी निघाली. नवी बसविली, नळी साफ केली, आणि आठवडाभरांत फरशीवरील तेलाचे डाग थांबले. मिस्त्रीस आम्ही दोष देत नाहीं; रिंगा झिजल्या असत्या तर इंजिन उघडावेंच लागलें असतें. परंतु मोठ्या खर्चापूर्वीं लहान वस्तु पाहावी, हें गृहस्थधर्मास धरूनच आहे. शिवाय मोटारीचा उच्छ्वास प्रथम कोणाच्या वांट्यास येतो? अंगणांत खेळणाऱ्या आपल्याच मुलांच्या.