दिवाळीचा बाजार वसुबारसेला सुरू होत नाही

कामं आवरून बसलात ना? आज आपण सणासुदीच्या बाजाराबद्दल बोलणार आहोत.

सुरुवात आमच्याच फजितीपासून करते. आमच्या गटात आम्ही अकरा जणी. दोन वर्षांपूर्वी गटातून २०,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं आणि फराळ करायला बसलो. चकल्या खुसखुशीत, चिवडा झकास. वसुबारसेच्या दिवशी तालुक्याच्या बाजारात टेबल मांडलं. लोक यायचे, चव बघायचे आणि म्हणायचे, "छान आहे हो ताई, पण आमची ऑर्डर गेली." भाऊबीज झाली तरी बत्तीस किलो माल शिल्लक! कर्जाचे हप्ते आम्ही पुढे चार महिने घरखर्चातून फेडले.

आमची चव चुकली नव्हती, वेळ चुकली होती.

आपल्याकडे साडेतीन मुहूर्त मानतात. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे तीन पूर्ण आणि दिवाळीचा पाडवा अर्धा. त्यातले दीड मुहूर्त तीन आठवड्यांच्या आत येतात. त्याच सुमारास सोयाबीनचे पैसे हातात येतात, नोकरदारांना बोनस मिळतो. म्हणून दुकानदार, गाडीवाले, सोनार, मोबाइलवाले सगळे याच काळावर डोळा ठेवून असतात. ऑनलाइन कंपन्यांनीही हेच हेरलं. फ्लिपकार्टने आपला पहिला मोठा 'बिग बिलियन डे' सेल ६ ऑक्टोबर २०१४ ला लावला होता, दसरा आणि दिवाळी यांच्या दरम्यान. आता तर नवरात्राच्या आसपासच असे सेल सुरू होतात. म्हणजे गिऱ्हाइकाचा खिसा दिवाळीच्या कितीतरी आधी उघडतो, आणि आपण टेबल मांडेपर्यंत बराचसा रिकामा झालेला असतो.

आता या कंपन्यांच्या जाहिराती कोण करतं? त्यासाठी जाहिरात संस्था असतात. कंपनी त्यांना सांगते, आमचा माल हा, गिऱ्हाईक असं, खर्च इतका. मग तिथे कोणी शब्द लिहितं, कोणी चित्र काढतं, कोणी ती जाहिरात टीव्हीवर, रेडिओवर की मोबाइलवर द्यायची ते ठरवतं. दिवाळीला दिसणाऱ्या जाहिरातीचं काम कित्येक महिने आधीच चालू झालेलं असतं.

एक उदाहरण सांगते. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुख खानला घेऊन एक जाहिरात केली. ओगिल्वी नावाच्या जाहिरात संस्थेचं ते काम होतं. संगणकाच्या मदतीने त्यात अशी सोय केली होती, की कुठलाही छोटा दुकानदार आपल्या दुकानाचं नाव घालून स्वतःची जाहिरात बनवू शकत होता. शाहरुख खान जणू त्याच्याच दुकानाचं नाव घेतोय असं दिसायचं आणि ऐकू यायचं. दुकानदारांनी ते व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. कोरोनाने गल्लीतली दुकानं अडचणीत आली होती, तेव्हा जवळच्या दुकानातून घ्या असं ही जाहिरात सांगत होती. कॅडबरीचं नावही घरोघरी गेलं, हे वेगळं सांगायला नको.

यातून आपण काय घ्यायचं? एवढी मोठी कंपनीसुद्धा गल्लीतल्या ओळखीच्या दुकानाचं नाव वापरते, कारण माणूस ओळखीवर विश्वास ठेवतो. ती ओळख आपल्याकडे आधीपासून आहे, तीही फुकट. 'घरगुती फराळ मिळेल' असं सगळेच लिहितात. त्यापेक्षा आपल्या गावाचं नाव लिहा, 'भाजणी जात्यावर दळलेली' असेल तर तसं लिहा. जे खरं असेल तेच लिहा. मोबाइलवर फोटो काढताना खिडकीजवळच्या उजेडात, स्वच्छ ताटात काढा. सोबत भाव, वजन आणि ऑर्डरची शेवटची तारीख द्या.

पाकिटावर पदार्थाचं नाव, त्यात काय काय घातलंय, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, गटाचं नाव-पत्ता, शाकाहारी असल्याची हिरवी खूण आणि अन्न नोंदणीचा १४ आकडी क्रमांक हवा. नोंदणी सणाच्या तोंडावर होत नाही, ती आधीच करून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, सूट. मोठी दुकानं सूट देतात म्हणून आपणही द्यावी असं वाटतं. जरा हिशेब करू. समजा एक किलो चकलीला सामान १५० रुपये, गॅस २०, पाकीट आणि लेबल १५, आपली मजुरी ६०, गाडीभाडं १५. झाले २६०. भाव ठेवला ३६०, म्हणजे गटाला उरले १००. आता २० टक्के सूट दिली की भाव येतो २८८ वर. उरले फक्त २८! गिऱ्हाइकाला सूट मिळाली २० टक्के, पण आपल्या शंभरातले ७२ रुपये गेले. मोठ्या कंपनीला हजारो नगांवर हे परवडतं, आपल्याला नाही. त्यापेक्षा चार पदार्थांची पाव-पाव किलोची पाकिटं एका खोक्यात घाला. भेट म्हणून द्यायला लोक असा डबा आनंदाने घेतात.

आपण विकतो तशा विकतही घेतो, म्हणून एक सावधगिरीची गोष्ट. 'बिनव्याजी हप्ता' असं लिहिलेलं दिसलं की थांबा. २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. व्याज बहुतेक वेळा किमतीत किंवा वेगळ्या शुल्कात लपलेलं असतं. दुकानदाराला विचारा, "रोख घेतलं तर किती कमी कराल?" जो फरक तो सांगेल, तेच तुमचं व्याज.

गेल्या वर्षी आम्ही वेळापत्रकच उलटं मांडलं. गणपतीत चवीची छोटी पाकिटं वाटली. नवरात्रात शाळा, पतसंस्था, दवाखाना इथे जाऊन ऑर्डरी लिहून घेतल्या. परदेशातल्या मुलांना फराळ पाठवणारी घरं आधी गाठली, कारण त्यांची पार्सलं लवकर निघतात. दसऱ्याला ऑर्डर बंद केली आणि निम्मे पैसे आगाऊ घेतले. कर्ज काढलं फक्त ६,००० रुपये. उरला तीन किलो चिवडा. तो आम्हीच भाऊबीजेला वाटून घेतला.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वहीचं एक पान घ्या. त्यावर तीन गोष्टी लिहा: आपलं गिऱ्हाईक कोण, त्याच्या हातात पैसे कधी येतात, आणि एका किलोला आपला खरा खर्च किती. मजुरी धरायला विसरू नका हं. आपले हात फुकटचे नाहीत.