यंत्र-ॲप्लिके क्विल्टचे आकृतिबंध

यंत्र-ॲप्लिके ही क्विल्ट सजवण्याची एक पद्धत आहे. तीत एका कापडातून कापलेला आकार दुसऱ्या, पायाच्या कापडावर ठेवून त्याची कड शिलाई यंत्राने पक्की केली जाते. 'ॲप्लिके' हा मूळचा फ्रेंच शब्द असून 'वर लावलेले' असा त्याचा अर्थ होतो. क्विल्टमध्ये वरचा सजावटीचा थर, मधले कापसाचे किंवा कृत्रिम धाग्याचे भरण आणि खालचे अस्तर असे तीन थर असतात आणि ते टाक्यांनी एकत्र धरलेले असतात. महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ ही याच कुळातील वस्तू होय. मात्र तिच्यात जुनी लुगडी व धोतरे एकमेकांवर रचून ती धावदोऱ्याने शिवली जातात आणि वेगळे भरण सहसा नसते. गोधडीवरचे ठिगळ फाटके झाकण्यासाठी येते. ॲप्लिकेचा तुकडा चित्र उभे करण्यासाठी येतो. प्रत्यक्षात या दोहोंमधील सीमारेषा वाटते तितकी स्पष्ट नसते.

ॲप्लिकेसाठी आकृतिबंध शोधणे म्हणजे सुंदर चित्र शोधणे, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. कागदावर शोभणारे पुष्कळसे चित्र कापडात उतरत नाही, कारण कापडाला कड असते, ती उसवते आणि तिला कोठेतरी टाक्याने बांधून ठेवावे लागते.

== कड आणि आकार ==

हाताने केलेल्या ॲप्लिकेत कड साधारण पाच-सहा मिलिमीटर आत दुमडून बारीक, लपवलेल्या टाक्यांनी शिवतात. यंत्राने काम करताना कडेचा प्रश्न चार प्रकारे सोडवला जातो. पहिल्या प्रकारात कड न दुमडता तिच्यावर दाट नागमोडी टाका घालतात. यास साटीन टाका म्हणतात. दुसऱ्यात ब्लँकेट टाका वापरतात. तिसऱ्यात कड दुमडून घेऊन पारदर्शक धाग्याने अगदी अरुंद टाका घालतात, त्यामुळे काम हाताचे असल्याचा भास होतो. चौथ्या प्रकारात कडेच्या थोडे आत साधी सरळ शिलाई मारतात आणि कड थोडीशी उसवू देतात.

यांपैकी कोणता मार्ग घ्यायचा, यावर आकृतिबंध ठरतो. साटीन टाका दोन-तीन मिलिमीटर रुंद असल्यामुळे तो आकाराभोवती जाड रेषेसारखा दिसतो. म्हणून ठसठशीत बाह्यरेषेची, रंगीत काचेच्या खिडकीसारखी चित्रे त्याला मानवतात. बारीक टोके आणि खोल खाचा त्याला मानवत नाहीत, कारण खाचेच्या तळाशी टाके एकावर एक चढून गाठीसारखा उंचवटा तयार होतो. दुमडलेल्या कडेला रुंद वळणे हवीत. सरळ शिलाईच्या उसवत्या कडेला पिसे, गवत, लाटा, झाडाची साल असे विषय शोभतात. जो दोष मानला जातो तोच तेथे पोत होतो.

वळणावर शिवण्याची रीतही येथे लक्षात घ्यावी लागते. बाहेर फुगलेल्या वळणावर सुई पायाच्या कापडात, म्हणजे आकाराबाहेर, रुतलेली ठेवून कापड फिरवतात. आत वळलेल्या जागी ती आकारावर रुतवतात. सुईची बाजू चुकली तर टाक्यांमध्ये पाचरीसारखी फट पडते. ज्या आकृतीत अशी वळणे दर सेंटीमीटरला येतात, ती शिवणाऱ्याचा बराच वेळ केवळ थांबण्यात आणि वळवण्यात घालवते. त्यामुळे नवशिक्यासाठी नाजूक गुलाबापेक्षा पिंपळाचे पान, आंबा, मासा किंवा चंद्रकोर हे नमुने अधिक योग्य ठरतात.

== शिलाई यंत्राचा प्रवेश ==

एलियास हाऊ यांना १८४६ मध्ये दुहेरी धाग्याच्या शिलाई यंत्राचे अमेरिकी एकस्व मिळाले आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांचे यंत्र आले. त्यानंतरच्या दशकांत अमेरिकेतील काही स्त्रियांनी ॲप्लिकेच्या कडा यंत्राने, तेही उठून दिसणाऱ्या धाग्याने शिवल्या. यंत्र महाग होते. त्याचा टाका लपवण्यापेक्षा दाखवणे त्या काळी स्वाभाविक होते. पुढे चित्र उलटले. हाताच्या टाक्याला प्रतिष्ठा आली आणि यंत्राचे काम कमअस्सल मानले जाऊ लागले. हा दृष्टिकोन विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला. १९८९ मध्ये केंटकीतील पडूका येथील अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांच्या 'कोरोना २: सोलर एक्लिप्स' या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ते ॲप्लिकेचे काम नव्हते, परंतु थर जोडणारी शिलाई यंत्राची असलेल्या क्विल्टला तेथे हा मान प्रथमच मिळाला होता.

तांत्रिकदृष्ट्या खरा बदल घडवला तो नागमोडी टाक्याने. हेलन ब्लँचर्ड यांनी १८७३ मध्ये अशा टाक्याच्या यंत्राचे एकस्व घेतले होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो टाका घरगुती यंत्रांत सर्रास आला. नंतर इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारे, मागे कागद असलेले गोंदजाळे बाजारात आले आणि तुकडे टाचण्यांविना जागेवर बसू लागले.

== आकृतिबंधांचे स्रोत ==

युरोपातील ॲप्लिकेच्या एका जुन्या प्रकाराचे मूळ भारतीय कापडात आहे. कोरोमंडल किनाऱ्यावर रंगवलेली चीट सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात अतिशय लोकप्रिय झाली. स्थानिक विणकरांचा धंदा बुडतो म्हणून फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७०० व १७२१ च्या कायद्यांनी तिच्यावर निर्बंध घातले. महागड्या चिटेतील फुले, वेली आणि पक्षी बारकाईने कापून साध्या कापडावर लावले की थोड्या चिटेत मोठी चादर सजत असे. ही पद्धत 'ब्रोदरी पेर्स', म्हणजे 'पर्शियन भरतकाम', या नावाने ओळखली जाते. कापड भारताचे आणि नाव पर्शियाचे. ज्याला रेखाटता येत नाही अशा शिवणाऱ्यासाठी हा आजही सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण छापील कापडातच तयार आकृती मिळते.

१८४० आणि १८५० च्या दशकांत अमेरिकेतील बॉल्टिमोर शहरात तयार झालेले 'अल्बम क्विल्ट' वेगळ्या वाटेने गेले. त्यांतील प्रत्येक चौकोनावर स्वतंत्र चित्र असते: फुलांची परडी, पुष्पचक्र, गरुड, जहाज, शहरातील स्मारक. चौकोनांवर अनेकदा वेगवेगळ्या व्यक्तींच्या सह्या आढळतात. स्वतःच्या शहरातील इमारत किंवा बंदर हा ॲप्लिकेचा विषय होऊ शकतो, हे या क्विल्टांनी दाखवून दिले.

हवाई बेटांवर मिशनरी स्त्रियांनी १८२० पासून शिवणकाम शिकवण्यास प्रारंभ केला. तेथे जी शैली विकसित झाली तिच्यात कापडाची घडी आठ पदरी करून एकदाच कातरतात. घडी उलगडल्यावर पलंगभर पसरणारी सममित आकृती मिळते. तिचा विषय विलायती फणस, अननस अशी झाडे-फळे किंवा फुले असतो. सहसा दोनच रंग असतात आणि थर जोडणारे टाके आकृतीच्या बाह्यरेषेला समांतर, पाण्यावरील तरंगांप्रमाणे पसरत जातात. शाळेत कागदाची घडी करून केलेल्या कातरकामाचेच हे मोठे रूप असल्यामुळे नमुना आधी कागदावर करून पाहता येतो. यंत्रावर मात्र त्यातील अरुंद खाचा त्रासदायक ठरतात, म्हणून त्या रुंद कराव्या लागतात.

=== हॅरिएट पॉवर्स ===

जॉर्जिया राज्यात १८३७ मध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांची दोन क्विल्ट आज उपलब्ध आहेत. दोन्हींत हाताची व यंत्राची अशी दोन्ही प्रकारची शिलाई आहे. पहिली 'बायबल क्विल्ट' वॉशिंग्टन येथे स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे आणि दुसरी 'पिक्टोरियल क्विल्ट' बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात. पॉवर्स यांचे माणूस, प्राणी, सूर्य आणि तारे हे आकार अत्यंत साधे आहेत. चेहऱ्याचे तपशील जवळजवळ नाहीत. ओळख पटते ती केवळ बाह्यरेषेवरून.

दुसऱ्या क्विल्टच्या १५ चौकटींत बायबलमधील प्रसंगांबरोबर आकाशातील घटनाही आहेत. १७८० मधील भरदिवसा झालेला अंधार आणि १८३३ मधील प्रचंड उल्कावर्षाव या दोन्ही घटना पॉवर्स यांच्या जन्मापूर्वीच्या. म्हणजे ही चित्रे पाहून नव्हे, तर ऐकून सुचली. पश्चिम आफ्रिकेतील डाहोमी राज्याच्या ॲप्लिके पताकांशी या आकृत्यांचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. साम्य लक्षवेधी आहे, पण साम्य म्हणजे थेट संबंधाचा पुरावा नव्हे.

पहिली क्विल्ट १८८६ मध्ये अथेन्स गावच्या कापूस मेळ्यात मांडलेली असताना जेनी स्मिथ या चित्रकार स्त्रीने ती विकत मागितली. पॉवर्स यांनी नकार दिला. काही वर्षांनी आर्थिक अडचणीमुळे त्यांनी ती १० डॉलरांना देऊ केली आणि अखेर ५ डॉलरांना दिली. त्या वेळी त्यांनी सांगितलेला प्रत्येक चौकटीचा अर्थ स्मिथ यांनी लिहून ठेवला. ती नोंद नसती तर आज अनेक चौकटींचा विषय केवळ तर्काने ठरवावा लागला असता.

=== छापील नमुने ===

विसाव्या शतकात नमुना ही विकत मिळणारी वस्तू झाली. इंडियाना राज्यातील मेरी वेब्स्टर यांच्या ॲप्लिके क्विल्टांची रंगीत चित्रे १९११ मध्ये 'लेडीज होम जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. वाचकांची मागणी आल्यावर वेब्स्टर टपालाने नमुने पाठवू लागल्या. क्विल्टच्या इतिहासावरील त्यांचे पुस्तक १९१५ मध्ये आले. फिकट रंगांची, मोकळी जागा राखणारी त्यांची फुलांची रचना पुढे पुष्कळांनी अनुसरली.

== भारतातील परंपरा ==

ओडिशातील पुरी जिल्ह्यातील पिपिली हे गाव ॲप्लिकेसाठी, तेथील भाषेत चांदुआसाठी, प्रसिद्ध आहे. जगन्नाथाच्या रथयात्रेतील रथांची आच्छादने या कामाशी जोडलेली आहेत: जगन्नाथाच्या रथाला लाल व पिवळे, बलभद्राच्या रथाला लाल व हिरवे, सुभद्रेच्या रथाला लाल व काळे. दुरून आणि चालत्या रथावर दिसावे म्हणून येथे आकार मोठे आणि रंग सपाट असतात. उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. तिचे काम आधी आखलेल्या नमुन्यावरून होत नाही. एका कोपऱ्यातून कडेने सुरुवात करून तुकडे लावत मध्याकडे यायचे आणि शेवटी कोपऱ्यांवर 'फूल' लावायचे, असा क्रम असतो. नमुना कामाच्या आधी असलाच पाहिजे, या गृहीतकाला हे चांगले उत्तर आहे.

== चित्रापासून नमुन्यापर्यंत ==

छायाचित्रावरून नमुना करताना प्रथम छटा कमी करतात. डोळे किलकिले करून पाहिल्यास बारकावे पुसट होतात आणि उजेड, मध्यम छटा व सावली अशी तीन-चार क्षेत्रे उरतात. तेवढेच तुकडे पुरतात. पारदर्शक कागदावर बाह्यरेषा गिरवून, चौकटी आखून ती हव्या आकारात वाढवतात. एक सेंटीमीटरपेक्षा लहान तुकडा शक्यतो टाळतात. डोळा, मिशी, पानाची शीर, पक्ष्याचा पाय अशा गोष्टी कापडाऐवजी धाग्याने काढणे सोयीचे असते. लांब देठासाठी उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला ४५ अंशांत कापलेली, पट्टी घेतात. ती वळणावर चुरगळत नाही.

त्यानंतर तुकड्यांना क्रमांक देतात. सर्वांत मागे असलेला तुकडा आधी बसतो आणि पुढच्या तुकड्याखाली जाणारी त्याची कड काही मिलिमीटर वाढवून कापतात. चिकट कागद वापरताना सर्वाधिक होणारी चूक आरशाची आहे: आकृती कागदाच्या बाजूवर काढली जात असल्याने कापडावर ती उलटी उमटते. सममित फुलाला फरक पडत नाही. अक्षरे, डावीकडे पाहणारा मोर किंवा देशाचा नकाशा मात्र बिघडतो. त्यामुळे असा नमुना आधीच उलटा करून घ्यावा लागतो. मोठ्या तुकड्यात गोंदजाळ्याचा मधला भाग कापून टाकून फक्त कडेची पट्टी ठेवतात, नाहीतर क्विल्ट पुठ्ठ्यासारखी कडक होते. शिवताना पायाच्या कापडाखाली कागद किंवा आधाराचे कापड नसेल, तर दाट टाक्यांमुळे ते आक्रसते आणि आकृतीभोवती सुरकुत्या पडतात.

== हक्क आणि श्रेय ==

पारंपरिक आकार सर्वांचे असतात. विशिष्ट कलाकाराने केलेली मांडणी तशी नसते. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार कलाकृतीवरील हक्क कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. अमेरिकेत १९११ मध्ये प्रसिद्ध झालेले नमुने आता सर्वांसाठी खुले आहेत. कमळ कोणीही काढू शकतो; दुसऱ्याच्या क्विल्टवरील तेच कमळ, त्याच पाकळ्यांसह गिरवणे ही वेगळी गोष्ट आहे.

कायद्याच्या पलीकडे समाजाचे संकेतही असतात. हवाईत नमुना कुटुंबाचा मानला जाई आणि विचारल्याशिवाय त्याची नक्कल करणे अनुचित समजले जाई. पनामातील गुना समाजाच्या स्त्रिया 'मोला' शिवतात. तिच्यात अनेक रंगांचे थर एकावर एक ठेवून वरचे थर कापतात आणि खालचा रंग दिसू देतात. तिची भूमितीय नक्षी पूर्वीच्या अंगरंगवणीतून कापडावर आली असे मानले जाते. पनामाने २००० मध्ये आदिवासी समाजांच्या सामूहिक बौद्धिक हक्कांसाठी २० क्रमांकाचा कायदा केला आणि मोलासारख्या वस्तूंच्या नमुन्यांवर व्यक्तीऐवजी समाजाचा हक्क नोंदवण्याची सोय केली.