गच्चीवरील एरिअल

सीमेपलीकडील मराठी एफ.एम. केंद्राचा शब्द बऱ्हाणपूरच्या घरात स्पष्ट ऐकू यावा, असे कोणास वाटणार नाही? या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. म्हणून एरिअल जितकी उंच तितका लाभ अधिक. १०० मेगाहर्ट्झसाठी सुमारे ७५ सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियम नळ्या एका रेषेत, मध्ये किंचित अंतर ठेवून बसवाव्यात. केबलची आतील तार एका नळीस व जाळी दुसरीस जोडावी.

मात्र उंचीचा मोह आवरावा. खांब कोसळला तरी विजेच्या तारांस लागणार नाही, इतके अंतर हवेच. खांबास अर्थिंग अवश्य करावे. तरीही कोसळत्या विजेपासून पूर्ण अभय मिळत नाही. म्हणून ढग दाटण्यापूर्वीच केबल रेडिओपासून काढावी. गडगडाट सुरू झाल्यावर गच्चीवर जाऊ नये. कार्यक्रम उद्याही लागेल. घरच्यांच्या जिवाशी खेळ नको.