संकरित स्वारीचे तट्टू : आधी घोडी पारखा

दत्त जयंतीच्या सुमारास भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रंग, कानांची ठेवण व रेवाल चाल यांना चांगला भाव मिळतो. मात्र मुलांच्या ड्रेसाज स्पर्धेसाठी तट्टू पैदा करावयाचे असल्यास ही पारख नुकसानीची ठरते. ड्रेसाज म्हणजे स्वाराच्या बारीक इशाऱ्यावर घोड्याने ठरलेल्या चाली व वळणे बिनचूक करणे. त्यात साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी दोन ठोक्यांची आणि कॅन्टर तीन ठोक्यांची असावी लागते. दुडकीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतील पाय जोडीने पडतात. रेवाल चालीत एका बाजूचे पाय लागोपाठ पडतात. लांबच्या प्रवासाला ती सुखाची, परंतु येथे दोषच.

जर्मनीत १९६० च्या दशकापासून वेल्श तट्टू व अरबी, थरोब्रेड घोडे यांच्या संकरातून ‘जर्मन रायडिंग पोनी’ घडविण्यात आले. केंब्रिज येथे वॉल्टन व हॅमंड यांनी भल्यामोठ्या शायर व चिमुकल्या शेटलंड जातींचा उलटसुलट संकर करून १९३८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शायर आईचे शिंगरू जन्मतः शेटलंड आईच्या शिंगरापेक्षा सुमारे तिप्पट वजनाचे भरले! म्हणून घोडी बेताच्या उंचीची, सरळ पायांची व शांत स्वभावाची निवडावी. आंतरराष्ट्रीय नियमाने नालाशिवाय १४८ सें.मी. पर्यंतच तट्टू समजतात. बोटभर उंची जास्त झाली की जनावर त्या गटातून बाद.

मी मूळचा पिकांचा माणूस, म्हणून पिकाचेच उदाहरण देतो. संकरित ज्वारीचे घरचे बी पेरले की शेतात उंच, बुटकी अशी सरमिसळ दिसते. संकरित नर-मादी एकत्र लावल्यास शिंगरांचेही तसेच होते. यास्तव पहिल्या पिढीचा नर पैदाशीस ठेवू नये.

घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि शिंगरू तीन वर्षांचे होईपर्यंत खोगीर चढवू नये. म्हणजे चार वर्षे नुसता खर्च. सबब एकाच घोडीपासून सुरुवात करावी व त्याआधी जवळच्या रायडिंग स्कूलमध्ये कोणत्या उंचीच्या तट्टास मागणी आहे, ते समक्ष विचारावे. नर निवडताना त्याला मोकळ्या सपाट जागेत, स्वाराशिवाय पळवून पाहावे. स्वार लगामाने चाल झाकू शकतो.